पंचवीस-पंधराचा रस्ता: सरकारी पैसा गावात पोचतो कसा

सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाच्या स्टँडवर एक तरी फ्लेक्स असतोच. हात जोडलेले नेते, खाली कार्यकर्त्यांचे गोल फोटो आणि मधोमध मोठ्या अक्षरात: 'मळ्याच्या रस्त्यासाठी २० लाखांचा निधी मंजूर'. त्यावर पारावर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, पैसा आलाय, आता कोण खातंय तेवढं बघू. दुसरा म्हणतो, कसला पैसा अन् कसलं काय, इलेक्शन जवळ आलं की असे बोर्ड उगवतातच. बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकतो. पैसा आलेला नसतो आणि बोर्डही खोटा नसतो. कोयना भरली म्हणून आटपाडीच्या डाळिंबाला लगेच पाणी लागत नाही, तसलाच हा प्रकार आहे.

विधानभवनात मंजूर झालेला रुपया ठेकेदाराच्या खात्यात पडेपर्यंत निदान सात-आठ टेबलांवरून जातो. प्रत्येक टेबलावर एक ठरावीक कागद तयार होतो आणि त्यावर ठरावीक माणसाची सही असते. गावातल्या पुढाऱ्याला 'किती कोटी आणले?' असं विचारलं तर तो खूश होऊन आकडा सांगतो. 'काम आत्ता कुठल्या कागदावर आहे?' असं विचारलं की मात्र त्याची पंचाईत होते. म्हणून हा दुसरा प्रश्न विचारायला शिकावं, असं माझं म्हणणं आहे.

तरतूद म्हणजे पैसा नव्हे

राज्याचा कर, फी, दंड, केंद्राकडून येणारा वाटा, काढलेलं कर्ज असं सगळं एका खात्यात जमा होतं. राज्यघटनेच्या कलम २६६ मध्ये त्याला राज्याचा एकत्रित निधी म्हटलं आहे. विधिमंडळाने कायदा केल्याशिवाय त्यातून एक पैसाही बाहेर काढता येत नाही. दर मार्चमध्ये अर्थमंत्री जे भाषण करतात, शेरोशायरी ऐकवतात, त्याच्यामागचं खरं काम हे आहे. प्रत्येक विभागाच्या मागण्या सभागृहासमोर जातात, मंजूर होतात आणि शेवटी विनियोजन विधेयक पास झालं की विभागांना खर्चाचा अधिकार मिळतो. २०२५-२६ साली राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींच्या घरात गेला. निवडणुकीचं वर्ष असलं तर आधी चार महिन्यांची सोय म्हणून लेखानुदान घेतात आणि पूर्ण अर्थसंकल्प नंतर येतो. २०२४ मध्ये असंच झालं, फेब्रुवारीत अंतरिम आणि जूनच्या शेवटी पूर्ण. वर्षाच्या मधे नवीन गरज निघाली किंवा एखादी योजना जाहीर झाली की पुरवणी मागण्या येतात. गावोगावच्या रस्ते-गटारांची बरीच कामं मार्चच्या मुख्य अर्थसंकल्पात नसतात, ती या पुरवणीच्या दारातून आत येतात.

प्रत्येक खर्चाला एक नंबर असतो. त्याला लेखाशीर्ष म्हणतात, कार्यालयात नुसतं 'हेड'. हा आकडा लांबलचक असतो, पण पहिले चार अंक कळले तरी पुष्कळ कळतं. आपल्याकडे कार्यकर्ते सर्रास म्हणतात, 'पंचवीस-पंधरातून रस्ता टाकलाय', 'तीस-चोपन्नमधून डांबरीकरण करून घेतो'. २५१५ हे ग्रामविकासाच्या इतर कार्यक्रमांचं हेड आहे, आणि लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावातल्या मूलभूत सुविधा त्यातून होतात. ३०५४ म्हणजे रस्ते आणि पूल. ५०५४ म्हणजेही रस्ते आणि पूलच. मग दोन हेड कशाला? मेख पहिल्या अंकात आहे. २ किंवा ३ ने सुरू होणारा खर्च महसुली, म्हणजे पगार, देखभाल, दुरुस्ती, अनुदान. ४ किंवा ५ ने सुरू होणारा भांडवली, म्हणजे राज्याची नवी मालमत्ता उभी करण्याचा. ० आणि १ ने सुरू होणारे आकडे महसुली जमेचे, ६ आणि ७ कर्जाचे.

तुम्ही म्हणाल, पंचवीस-पंधरातून नवा कोरा काँक्रीट रस्ता होतो, मग तो महसुली कसा? बरोबर शंका आहे. तो रस्ता राज्य सरकारच्या मालकीचा होत नाही, ग्रामपंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा होतो. राज्याच्या हिशेबात ते दुसऱ्या संस्थेला दिलेलं अनुदान ठरतं आणि अनुदान म्हणजे महसुली खर्च. म्हणूनच 'सरकारचा महसुली खर्च वाढला' अशी बातमी वाचताना तो सगळा पगारात आणि खैरातीत गेला असं समजू नये. आपल्या वाडीचा रस्ताही त्यातच बसलेला असतो.

तरतूद झाली, तरी ती अजून फक्त परवानगी आहे. तिजोरीत रोख किती आहे ते बघून वित्त विभाग टप्प्याटप्प्याने निधी सोडतो. हे वाटप आता संगणकावर होतं. मंत्रालयातून विभागाला, विभागातून जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला, तिथून पैसे काढायचा आणि वाटायचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याला, ज्याला सगळे 'डीडीओ' म्हणतात. बिल करणाऱ्या क्लार्कला त्याच्या हेडवर किती रक्कम शिल्लक आहे ते स्क्रीनवर दिसतं. ही प्रणाली 'बीम्स', पण बोलताना सगळे 'बीडीएस' म्हणतात. सरकारी कार्यालयात एखाद्या बिलाची चौकशी केली की सगळ्यात जास्त वेळा मिळणारं उत्तर म्हणजे 'तरतूद आहे हो, बीडीएस नाही'. लोकांना ती टोलवाटोलवी वाटते. कधीकधी असतेही. पण वाक्याचा अर्थ सरळ आहे: विधिमंडळाने परवानगी दिली, वित्त विभागाने रोकड सोडली नाही.

२० लाखांचा रस्ता, एका वेळी एक कागद

समजा तासगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात वस्तीपर्यंत तीनशे मीटर रस्ता करायचा आहे. आमदारांनी पत्र दिलं, ग्रामविकास विभागाने कामांच्या यादीसह शासन निर्णय काढला, म्हणजे जीआर. या यादीत गावाचं नाव, कामाचं नाव आणि लाखांत रक्कम असते. फ्लेक्स छापायला जातो तो बहुतेक या दिवशी. जीआर सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. प्रत्येकाला एक लांब सांकेतांक असतो आणि त्याची सुरुवात तारखेने होते. फ्लेक्सवर हा नंबर कधीच नसतो, यात काय ते समजून घ्या.

मग प्रशासकीय मान्यता. म्हणजे हे काम करायचं, इतक्या रकमेपर्यंत करायचं, या हेडमधून करायचं, असा अधिकृत होकार. त्यानंतर तांत्रिक मान्यता. शाखा अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेतो आणि अंदाजपत्रक करतो. त्यातले दर मनाचे नसतात, शासनाच्या दरसूचीतले असतात: खोदाई घनमीटरला इतके, खडी इतकी, काँक्रीट इतकं, खाणीपासूनच्या अंतराप्रमाणे वाहतूक. वर जीएसटी, बांधकाम कामगारांचा एक टक्का उपकर, कामगार विमा. १८ टक्क्यांनी हिशेब केला तर २० लाखांच्या कामात नुसता जीएसटीच तीन लाखांच्या घरात जातो. '२० लाखांत एवढाच रस्ता?' असं विचारायच्या आधी ही वजाबाकी करून बघावी. ती करूनही रस्ता तोकडा वाटला, तर मग जरूर विचारावं.

पुढचा टप्पा काम कोणाला द्यायचं हा. मोठ्या रकमेचं काम ऑनलाइन निविदेला जातं. लहान कामांसाठी काम वाटप समिती असते आणि तिचं प्रमाण ठरलेलं आहे: ३३ टक्के कामं सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना, उरलेली ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना. यामागचा हेतू चांगलाच होता. डिप्लोमा झालेल्या पोराला पहिलं काम मिळावं आणि राबणाऱ्या मजुरांच्या संस्थेला नफ्यात वाटा मिळावा. कागदावर मजूर संस्था आणि साइटवर भलत्याच माणसाचा जेसीबी, हे दृश्य आता कुणाला नवीन राहिलेलं नाही. तो वेगळा विषय आहे. इथे एवढंच लक्षात ठेवायचं की कार्यारंभ आदेश कोणाच्या नावाने निघाला हा स्वतंत्र कागद आहे आणि तो बघता येतो.

काम सुरू झालं की जो कागद सगळ्यात महत्त्वाचा, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. मोजमाप पुस्तिका. अभियंते तिला 'एमबी' म्हणतात. छापील पान क्रमांक असलेली पुस्तिका, पान फाडायचं नाही, आकडा खोडायचा असेल तर खोडून सही करायची. आत काय असतं? लांबी, रुंदी, जाडी आणि गुणाकार. आपल्या रस्त्याचंच बघू: लांबी ३०० मीटर, रुंदी ३ मीटर, काँक्रीटची जाडी ०.१५ मीटर. गुणाकार १३५ घनमीटर. या १३५ ला दरसूचीतल्या दराने गुणलं की बिल तयार. आता जागेवर थर सहा इंचांऐवजी चारच इंचांचा पडला असेल, म्हणजे ०.१० मीटर, तर खरं काँक्रीट होतं ९० घनमीटर. लांबी तीच, रुंदी तीच, वरून बघणाऱ्याला रस्ता गुळगुळीत. ४५ घनमीटर काँक्रीट, म्हणजे एक तृतीयांश, फक्त वहीत आहे. गावात भांडणं होतात ती रस्ता दोन फूट इकडे की तिकडे यावर, आणि चोरी जिथे होते ते दोन इंच मात्र जमिनीखाली. काँक्रीट पडत असताना कडेला उभं राहून टेपने जाडी मोजणारा एक माणूस गावात असला, तर तो पंधरा तक्रार-अर्जांच्या तोडीचा आहे.

एमबीत शाखा अभियंता नोंद करतो, उपअभियंता तपासतो, मग बिल होतं. बिलातून आयकर, जीएसटीची कपात, उपकर, गौण खनिजाची रॉयल्टी आणि सुरक्षा ठेव वजा होते. सुरक्षा ठेव लगेच परत मिळत नाही. करारात दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो आणि तोवर रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. पहिल्या पावसात खड्डे पडले की आपण नवीन निधीची मागणी करतो. जुन्या ठेकेदाराची ठेव अजून कार्यालयातच पडून आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

काम जिल्हा परिषदेचं असेल तर बिल तिच्याच वित्त विभागात, मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्याकडे जातं. सगळे त्यांना 'कॅफो' म्हणतात. राज्याच्या खात्याचं, म्हणजे सार्वजनिक बांधकाम किंवा वन विभागासारख्या खात्याचं देणं असेल तर ते कोषागाराच्या यंत्रणेतून भागवलं जातं. तिथे पाहतात ते एवढंच: हेडवर रक्कम शिल्लक आहे का, सही करणारा अधिकृत आहे का, मंजुरी जोडली आहे का, आकडे जुळतात का. रस्ता प्रत्यक्ष आहे का, हे बघायला कोषागाराचा माणूस येत नाही. तो भार पूर्णपणे एमबीवर सही करणाऱ्यांवर.

दीडपट

आता पारावरच्या वादाचं मूळ. काम मंजूर असतं, मान्यता असते, तरी पैसा दोन-दोन वर्षं का येत नाही?

जिल्ह्याचा मोठा निधी जिल्हा नियोजन समितीतून येतो. लोकांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे, 'डीपीडीसी'. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव, आमदार-खासदार आणि स्थानिक संस्थांचे निवडून आलेले सदस्य. विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालयात बैठक झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात शेकडो कोटींचा आराखडा छापून येतो. जिल्ह्याला वर्षाला किती रक्कम मिळणार ते राज्य ठरवतं, त्याला नियतव्यय म्हणतात. पण हा सगळा पैसा नव्या कामांना नसतो. मागच्या वर्षी सुरू झालेल्या आणि बिलं राहिलेल्या कामांचं देणं आधी वजा करायचं, त्याला दायित्व म्हणतात. जे उरेल त्याच्या दीडपट रकमेच्या नव्या कामांना मान्यता देता येते.

आकड्यात मांडू. एका योजनेला नियतव्यय १० कोटी. मागचं दायित्व ४ कोटी. उरले ६ कोटी. त्याच्या दीडपट म्हणजे ९ कोटींची नवी कामं मंजूर करता येतील. गावोगाव ९ कोटींचे फ्लेक्स लागतील, देता येतील ६ कोटी. राहिलेले ३ कोटी पुढच्या वर्षीचं दायित्व. मुळात हा नियम शहाणपणाचा आहे. सगळी कामं एकाच वर्षात पुरी होत नाहीत, कुठे जागेचा वाद निघतो, कुठे ठेकेदार पळतो. मान्यता जेमतेम पैशाएवढीच दिली तर मार्चला पैसा पडून राहील. पण दीडपटीची मर्यादा पाळली तरच हे गणित चालतं. दरवर्षी दायित्व फुगत गेलं, वरून पुरवणीतून आणखी कामं आली, की एक वर्ष असं येतं जेव्हा येणारा सगळा पैसा जुन्या बिलांतच जातो. राज्यभर कंत्राटदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर येतात, त्यामागे हेच गणित आहे. मान्यता द्यायला शाई लागते, बिल द्यायला रोकड.

त्यामुळे गावच्या कामाबद्दल विचारायचा खरा प्रश्न असा: हे काम यंदाच्या नियतव्ययातलं की दायित्वातलं? दायित्वातलं असेल तर हातात पैसा येण्याचा नंबर आधी असतो.

मार्च

राज्याच्या खात्यांना मिळालेला निधी ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही की तो व्यपगत होतो. बोलीभाषेत 'परत गेला' किंवा 'लॅप्स झाला'. तो कुणी बॅगेत भरून मुंबईला नेत नाही. त्या वर्षाच्या खर्चाची परवानगी संपते, इतकंच. पुढच्या वर्षी पुन्हा तरतूद मागायची. जिल्हा परिषदेला यात थोडी सवलत आहे, तिला मिळालेला निधी पुढच्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत खर्च करता येतो. म्हणून मार्च एंडला कृषी, बांधकाम, जलसंधारण खात्यांत जी धावपळ दिसते तिचं एक पाऊल जिल्हा परिषदेत उशिरा पडतं, पण पडतं.

वर्षभर अडकलेला निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धडाधड सुटतो. रात्री उशिरापर्यंत कोषागार चालू, चहाच्या टपरीवर ठेकेदारांची गर्दी, बीडीएसवर आकडा येतो तसा क्लार्क बिल पुढे ढकलतो. घाईत मोजमापावर नजर कमी आणि तारखेवर जास्त असते. देशाच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालांत मार्चमधल्या खर्चाच्या गर्दीवर वर्षानुवर्षं ताशेरे येतात. तरी पुढच्या मार्चला गर्दी तीच. निधी सुटायचा वेळ बदलल्याशिवाय खालच्या कार्यालयांना नावं ठेवून यात फरक पडायचा नाही.

बांधायला पैसा मिळतो, चालवायला नाही

भांडवली आणि महसुली हा फरक पुस्तकी वाटतो. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या शेतकऱ्याला तो पुस्तकी वाटत नाही.

नदीचं पाणी उचलून दुष्काळी भागाला देणाऱ्या टेंभू योजनेला १९९६ साली मान्यता मिळाली तेव्हा अंदाज १,४१६ कोटींचा होता. त्याच वर्षी कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं. कृष्णेच्या पाण्याचा आपला वाटा २००० सालच्या मेअखेरपर्यंत अडवला पाहिजे, अशी तेव्हा घाई होती आणि महामंडळाने लोकांकडून रोखे घेऊन पैसा उभा केला. पुढे काम रेंगाळलं, भाव वाढले, कामाची व्याप्ती वाढली. अंदाज वाढला की सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते, तिलाच 'सुप्रमा' म्हणतात. दोन-तीन सुप्रमांत टेंभूचा आकडा चार हजार कोटींच्या पलीकडे गेला. ताकारी आणि म्हैसाळ या तसल्याच दुसऱ्या दोन योजनांची गोष्टही लांबलेलीच. तरी हा सगळा भांडवली खर्च, त्यासाठी मागे लागायला नेते असतात, नारळ फोडायला जागा असते.

पण या उपसा योजना आहेत. कराडजवळच्या टेंभूतून पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी माथ्यावर चढवायचं. पंप चालले तर वीजबिल येतं आणि ते दर आवर्तनाला येतं. हा झाला चालवायचा खर्च. पाणीपट्टीतून तो निघायला हवा होता. पाणीपट्टी वसूल होईना, बिल थकलं की वीज तोडायची वेळ यायची, आणि मग आंदोलन, टंचाईच्या निधीतून तात्पुरतं बिल भरणं, पुन्हा थकबाकी, असं कित्येक वर्षं चाललं. शेवटी सरकारने वीजबिलाचे ८१ टक्के स्वतः भरायचे आणि १९ टक्के शेतकऱ्यांच्या पाणीपट्टीतून घ्यायचे, असं ठरलं. हाच तो ८१-१९ चा फॉर्म्युला. ऊस असणाऱ्याची पाणीपट्टी कारखाना बिलातून कापून घेतो, म्हणून तिथे वसुली सोपी. द्राक्ष, डाळिंब, ज्वारीवाल्याच्या दारात मात्र जावं लागतं.

काहींना ८१ टक्के म्हणजे उधळपट्टी वाटते. मला तसं वाटत नाही. कालव्याने वाहून येणाऱ्या पाण्याला पंपाचं वीजबिल नसतं, आणि उंचावर जन्मल्याची शिक्षा म्हणून जतच्या माणसाने सगळं बिल भरावं, यात न्याय कसला? मात्र एक गोष्ट खरी: ही ८१ टक्क्यांची रक्कम दरवर्षी नव्याने तरतुदीत बसवावी लागते. तिला फ्लेक्स लागत नाही, उद्घाटन नाही, म्हणून तंगीच्या वर्षात कात्री लागण्याची भीतीही तिलाच जास्त. शाळाखोली, आरोग्य केंद्र, नळयोजना, सगळ्यांचं हेच दुखणं आहे. इमारत होते, मग परिचारिका, औषधं, मोटारीचं बिल यांसाठी दुसऱ्या हेडकडे हात पसरावा लागतो.

ग्रामपंचायतीचं कपाट

राज्याचा हिशेब लांबचा. ग्रामपंचायतीचा मात्र आपल्या गल्लीतला, आणि तो बघायला सगळ्यात सोपा. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर हे तिचं स्वतःचं उत्पन्न. ठरलेले नमुने असतात: नमुना ८ म्हणजे कर आकारणीची यादी, नमुना ९ म्हणजे कुणाकडे किती मागणी आणि किती वसुली. नमुना ८ चा उतारा काढायला सगळे जातात, बँकेला लागतो म्हणून. नमुना ९ उघडून बघायला कुणी जात नाही. त्यात गावातल्या मोठ्या घरांची थकबाकी असते, हेही एक कारण असावं.

स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. शिवाय वित्त आयोगाचा निधी येतो. २०२१ ते २०२६ या काळातला पंधराव्या आयोगाचा निधी दोन भागांत होता: ६० टक्के बंधित, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगारासाठी नाही. महाराष्ट्रात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला १०-१० टक्के, असं वाटप ठरलं. मार्च २०२२ मध्ये सांगली आणि साताऱ्याच्या जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक आले आणि त्याचा फटका या निधीला बसला, कारण वित्त आयोगाला निवडून आलेली सभा हवी असते. गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून मोबाइलवर बघता येतो. 'गावच्या फंडाचं काय होतं कळत नाही' असं म्हणणाऱ्याने आधी तिथे दहा मिनिटं घालवावीत.

खर्च झाल्यावर

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांचे हिशेब स्थानिक निधी लेखापरीक्षा तपासते. राज्याच्या खात्यांचे हिशेब मुंबईचे महालेखाकार. जिल्हा परिषदांसाठी विधिमंडळाची पंचायत राज समिती दौऱ्यावर येते, आणि 'पीआरसी' येणार म्हटलं की महिनाभर कपाटं झाडली जातात. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले की ते वर्षानुवर्षं साचतात: दिलेली आगाऊ रक्कम, म्हणजे तसलमात, हिशेबात जुळवली नाही, पावती नाही, मान्यतेपेक्षा खर्च जास्त. वसुलीपात्र रक्कम कर्मचाऱ्याच्या पेन्शनमधून कापली गेल्याची उदाहरणं आहेत, पण त्याला इतका वेळ लागतो की तोवर रस्त्यावर दुसऱ्यांदा डांबर पडलेलं असतं. म्हणून काम चालू असताना बघणं स्वस्त.

ते बघायला माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. साध्या कागदावर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, एका अर्जात एकच विषय आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत. 'भ्रष्टाचाराची संपूर्ण माहिती द्या' असं लिहू नये, तशी नस्ती, म्हणजे फाइल, कुठल्याच कार्यालयात नसते. कागदांची नावं लिहावीत: प्रशासकीय मान्यता आदेश, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, काँक्रीटच्या क्यूब टेस्टचा (मजबुतीच्या चाचणीचा) अहवाल, अंतिम देयक. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. प्रतींऐवजी प्रत्यक्ष अवलोकन मागितलं तर पहिला तास फुकट असतो, आणि तीनशे मीटरच्या रस्त्याची फाइल वाचायला तेवढा वेळ बास होतो. जाताना टेपने घेतलेली जाडी एका चिठ्ठीवर लिहून न्यावी आणि एमबीतल्या आकड्याशेजारी धरावी.